ताप आला की पंप का थांबवायचा?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो, रात्री पंपाने डेस्फेराल देतो. ताप आला किंवा पोट दुखलं की पंप थांबवून लगेच फोन करा, असं डॉक्टर बजावतात. अंगातलं लोह काढणारं औषध तापात का चालत नाही?
– एक आई, उल्हासनगर

उत्तर : ताई, कारण हे औषध मुळात एका जिवाणूचं आहे. स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस हा मातीतला जीव. मातीत लोह पुष्कळ, पण गंजासारखं, पाण्यात न विरघळणारं. म्हणून तो लोहाला घट्ट धरणारा छोटा रेणू बाहेर सोडतो आणि लोहासकट परत आत घेतो. अशा रेणूंना सिडेरोफोर म्हणतात. पेशीत लोह पुरेसं झालं की ते एका नियंत्रक प्रथिनाला चिकटतं आणि सिडेरोफोरची जनुकं बंद होतात. जास्तीचं लोह जिवाणूलाही घातकच.

महाविद्यालयात बत्तीस वर्षं मी हे प्रात्यक्षिक घेतलं. निळ्या माध्यमातल्या रंगाकडून सिडेरोफोर लोह ओढून घेतो, म्हणून जिवाणूच्या वसाहतीभोवती नारिंगी वलय उमटतं. काचसामान आम्लाने धुवून घ्यावं लागे. कुणी नळाच्या पाण्यावर भागवलं, तर त्यातल्या लोहावरच जिवाणू खूश, आणि वलय फिकं!

रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं. शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. उरलेलं हृदयात, यकृतात साचतं. १९६०च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना या जिवाणूचा रेणू हाती लागला, आणि तोच औषध झाला. १०० मिलिग्रॅम औषध साधारण साडेआठ मिलिग्रॅम लोह धरतं. मुलाची लघवी तांबूस दिसते ना? ते हेच बाहेर पडणारं लोह.

आता तापाचं. एरवी आपलं शरीर लोह ट्रान्सफेरिनसारख्या प्रथिनांत अडकवून जंतूंना उपाशी ठेवतं. पण येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका या आतड्यातल्या जंतूच्या अंगावर नेमका हा परका रेणू आत घेणारं दार आहे. त्याचा संसर्ग झालेला असताना पंप चालू राहिला, तर आपणच त्याला लोह पुरवतो.

एरवी मात्र एक रात्रही चुकवू नका. मुलाचं हृदय त्यावर जपलं जातं. आणि या जंतूमुळे पोटाच्या उजव्या बाजूला दुखतं, अगदी अपेंडिक्ससारखं. म्हणून रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं, तर दारातच सांगा : थॅलेसेमिया आहे, डेस्फेराल चालू आहे, येर्सिनियाची तपासणी करा.