फ्लॅट विकून कायमचं कारवाँत राहायला जावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकच्या इंदिरानगरला स्वतःचा टू बीएचके आहे, पुढच्या वर्षी सातपूरच्या कंपनीतून निवृत्त होताय, मुलगा पुण्यात, आई सिन्नरला धाकट्या भावाकडे. फ्लॅट विकायचा, त्यातल्या ३४ लाखांत ट्रॅव्हलर मिनीबसवर कारवाँ, म्हणजे चाकांवरचं घर, बांधून घ्यायची, उरलेल्या पैशांच्या व्याजावर दोघांनी कायम गाडीत राहायचं. जमेल का, आणि गाडी कोणती घ्यावी? सोबत गाडी बांधणाऱ्याचं कोटेशन आणि फिरायच्या जागांची यादीही दिलीत.

फ्लॅट विकून असेल तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे. फ्लॅट ठेवून असेल तर ‘बघू या’. मी आणि बायको गेली काही वर्षं वर्षातला मोठा काळ गाडीतच काढतो, त्या अनुभवावरून लिहितोय.

गाडी कोणती हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि तो सगळ्यात सोपा आहे. कारवाँमध्ये राहणारा माणूस दिवसाला फार तर दोन-तीन तास गाडी चालवतो, तेही रोज नाही. उरलेला सगळा वेळ गाडी कुठेतरी उभी असते. ती कुठे, कोणाच्या परवानगीने, कशाच्या शेजारी उभी आहे, यावर तुमची झोप, अंघोळ, वहिनींची सुरक्षितता आणि दोघांचा स्वभाव अवलंबून असतो. म्हणून आधी मुक्कामाच्या जागा शोधा. आठ-दहा भरवशाच्या जागा हाताशी नसतील तर ३४ लाखांची गाडीही ढाब्याच्या मागे ट्रकांच्या रांगेतच झोपणार.

यूट्यूबवर तुम्ही जे व्हिडिओ बघितलेत ते बहुतेक अमेरिकेतले. तिथे गावोगावी कारवाँ पार्क आहेत. गाडी लावली की बाजूला विजेचा खांब, पाण्याचा नळ, मैला सोडायचं तोंड. घर नसलेल्यांना पत्ता लागतो म्हणून साऊथ डकोटा, टेक्सस, फ्लोरिडासारख्या राज्यांत टपाल सांभाळणाऱ्या कंपन्यांचा पत्ता घेऊन तिथले रहिवासी होणारे खूप आहेत. आपल्याकडे राज्याचं कारवाँ पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात कारवाँ पार्कची कल्पनाही आहे, पण ते पर्यटकांसाठी. गाडीतच राहणाऱ्या कुटुंबासाठी आपल्याकडे तयार व्यवस्था नाही. प्रत्येक जागा ओळखीने, विचारून, कधी पैसे देऊन मिळवावी लागते.

मिळतात मात्र. देवस्थानांचे भक्तनिवास, गुरुद्वारे, एमटीडीसीच्या निवासांचं आवार, कृषी पर्यटन केंद्रं, मोठे पेट्रोल पंप. पंपावर एक रात्र ठीक, तीन रात्री नाही. मॅनेजर काही बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा बोलतो. रस्त्याच्या कडेला गाडी लावून दिवसभर भटकायला जायचं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ लक्षात ठेवा: सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस उभी असलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओळखीच्या माणसाचं शेत, जिथे विहीर आहे, मीटर आहे आणि कुत्रा तुम्हाला ओळखतो.

आता पाण्याचा हिशेब. तुमच्या कोटेशनमध्ये शंभर लिटरची टाकी आहे. बादलीने अंघोळ केली तरी माणशी पंधरा-वीस लिटर, भांडी, स्वयंपाक, पिणं धरून दोघांचे रोजचे पन्नास-साठ होतात. म्हणजे दीड-दोन दिवसांनी पाणी शोधायचं, कायम. टाकी दुप्पट करा म्हणाल तर शंभर किलो वजन आणखी वाढलं. कपडे गाडीत धुवायचा विचारच सोडा, जिथे मुक्काम तिथल्या लाँड्रीत टाका.

टॉयलेटबद्दल कोणी मोकळेपणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. कॅसेट टॉयलेटची, म्हणजे खालची टाकी बाहेर काढून रिकामी करायच्या टॉयलेटची, टाकी अठरा-वीस लिटरची असते. दोघांना ती दोन-तीन दिवसांत भरते, आणि ती उचलून रिकामी करणं हे काम दोघांपैकी एकाच्या वाट्याला कायमचं येतं. कोणाच्या, ते लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरतं तसं पहिल्या आठवड्यात ठरतं. रिकामी करायची ती संडासातच, ज्याचं आवार त्याला सांगून, भरपूर पाणी ओतून. नाल्यात नाही, नदीत तर मुळीच नाही. गोदावरीत आधीच काय काय जातं ते आपण नाशिककर जाणतो. फॉर्मल्डिहाइडवाली केमिकल वापरू नका, शेतकऱ्याच्या सेप्टिक टँकमधले जंतू मरतात आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला फाटकातूनच परत पाठवतो.

विजेवर जरा जास्त लिहितो, कारण अंबडला माझं पॅनेल बनवायचं वर्कशॉप होतं आणि याच बाबतीत कोटेशनमध्ये सर्वांत जास्त थापा असतात. तुमच्या कोटेशनमध्ये ४०० वॉट सोलर आणि १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे, आणि खाली लिहिलंय ‘एसी सोलरवर चालेल’. हिशेब करा. बॅटरीत पूर्ण भरल्यावर सुमारे अडीच युनिट. नाशिकच्या कडक उन्हात ४०० वॉटचं पॅनेल दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतं. पावसाळ्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येऊ शकतं. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज अर्धा युनिट खातो, पंखे, दिवे, मोबाइल, लॅपटॉप, पाण्याचा पंप मिळून आणखी पाऊण-एक. म्हणजे एसी न लावताच हिशेब जेमतेम जुळतो. गाडीचा एसी रात्रभर लावला तर पाच-सहा युनिट लागतील. ते फक्त प्लग लावूनच मिळतात. इंडक्शनही तसंच.

प्लग म्हणजे शेतातला किंवा ढाब्यावरचा सोळा अँपिअरचा पॉइंट, आणि तिथे अर्थिंग असेलच याची खात्री नाही. पत्र्याच्या गाडीला बाहेरून वीज जोडली आणि आत कुठे वायर सोलली गेली असेल तर सगळ्या बॉडीत वीज उतरते, आणि पावसात चिखलात उभं राहून तुम्ही दाराच्या हँडलला हात लावता. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) गाडीत बसवल्याशिवाय ताबा घेऊ नका, आणि नव्या जागी टेस्टरने अर्थ तपासल्याशिवाय प्लग घालू नका. लाकडी पॅनेलिंगचा रंग, छताचे एलईडी, मागचा टीव्ही यावर तासभर चर्चा करणारा, गाडीची बॉडी बांधणारा बिल्डर आरसीसीबीचं नाव काढलं की ‘करू ना साहेब’ म्हणून विषय बदलतो. करून घ्या.

गॅस पाच किलोचा सिलिंडर ठेवा, बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, कप्प्याच्या तळाला खाली उघडणारी भोकं हवीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. आणि एक गोष्ट इथे लिहिली नाही तर कोणी सांगणार नाही: एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. पावसात खिडक्या बंद करून आत चहा, वरणभात, पोळ्या केल्या की ती वाफ पत्र्याला लागून गादीखाली उतरते. चौथ्या दिवशी गादीला वास येतो, पंधरवड्यात बुरशी. छतात बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच, आणि गादीखाली फळ्यांच्या फटी हव्यात.

पावसावरूनच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे त्याहून कमी. तासाभराच्या अंतरात हा फरक. म्हणजे गाडीत राहणाऱ्याने ऋतूप्रमाणे जागा बदलली तर निम्मे त्रास वाचतात. दख्खनच्या पठारावरचे धनगर हेच करत आलेत: पावसाळा कमी पावसाच्या पठारावर, पाऊस सरला की मेंढरं घेऊन कोकणात. आम्ही जून ते सप्टेंबर सिन्नर, येवला, अहिल्यानगरच्या बाजूला असतो, थंडीत कोकणात, एप्रिल-मेमध्ये भंडारदऱ्यासारख्या उंचावर. मे महिन्यात जळगावच्या उन्हात पत्र्याच्या गाडीत दुपार काढणं हा हौसेचा विषय नाही. तुमच्या यादीत जुलैत महाबळेश्वर आणि मेमध्ये अजिंठा आहे. ती उलटी करा.

फ्लॅट का विकू नये? पहिलं कारण कागदाचं. मतदार यादीला ‘सर्वसाधारण रहिवासी’ असणं लागतं, बँकेच्या केवायसीला, आधारला, पासपोर्टला, गाडीच्या आरसीला, आरोग्य विम्याला पत्ता लागतो. आईचा किंवा भावाचा पत्ता देता येईल, पण मग सगळी पत्रं सिन्नरला आणि तुम्ही रत्नागिरीत. दुसरं कारण शरीराचं. साठीनंतर गुडघ्याचं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की सहा आठवडे कुठे राहणार? गाडीची पायरी बघितलीत का, किती उंच असते? तिसरं पैशाचं. गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते, आणि हौस फिटल्यावर ३४ लाखांच्या कारवाँला गिऱ्हाईक शोधणं हा वेगळा छंद आहे.

फ्लॅट भाड्याने द्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवूनच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर कलम २४ खाली दुप्पट भाडं मागता येतं. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं) लावेल, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, जास्त मागितलं तर भांडा. करारात दोन महिन्यांच्या नोटिशीचं कलम ठेवा म्हणजे आजारपणात घर परत मिळेल. भाड्यातून डिझेल निघतं: महिन्याला पंधराशे किलोमीटर, लिटरला दहाचा अ‍ॅव्हरेज धरला तर दीडशे लिटर. आणि खरं सांगायचं तर कायम राहणारे लोक पंधराशे चालवत नाहीत.

सोसायटीत ही गाडी लावता येईल हे गृहीत धरू नका. छतावर एसी बसवला की उंची नऊ फुटांच्या आसपास जाते, स्टिल्टमध्ये शिरत नाही. आणि सात मीटरची गाडी हीच तुमची एकमेव गाडी असेल तर कोथिंबीर आणायलाही तीच. रविवार कारंजा किंवा भद्रकालीत ती नेऊन बघा एकदा, गंमत म्हणून. आम्ही मुक्कामाची जागा निवडताना रिक्षा किंवा एसटी किती लांब आहे ते आधी विचारतो.

आता गाडी. ट्रॅव्हलर चांगली आहे, गावोगावी दुरुस्त होते, साडेसात टनांच्या आतली असल्याने तुमचं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. कागद मात्र डोळ्यात तेल घालून बघा. जुनी स्कूलबस किंवा अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन आत पलंग टाकून देणारे आहेत, पासिंग जुन्याच प्रकारावर राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा इथेच बोट ठेवते. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बिल्डरला एकच मागा: त्याने बांधलेल्या एखाद्या गाडीच्या आरसीची प्रत, मालकाचं नाव झाकून, वाहनप्रकाराच्या रकान्यासकट. टाळाटाळ केली तर उठून या. आणखी एक: आपली नाशिकची एमएच-१५ नंबरची गाडी दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर त्याच कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो.

वहिनी ‘तयार आहेत’ असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. त्यांचा प्रश्न त्यांना स्वतः इथे लिहू द्या. आतली मोकळी जागा साधारण बारा फूट बाय सहा फूट. एकजण पोळ्या करत असेल तर दुसऱ्याने बाहेर बसायचं किंवा पलंगावर पाय वर घेऊन. पावसात बाहेर बसता येत नाही. भिशी, शेजारीण, कॉलनीतला गणपती, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा घोळका, हे सगळं सुटतं, आणि माझ्या पाहण्यात पुरुषांपेक्षा बायकांचं जास्त सुटतं. माझ्या बायकोने दिवाळी आणि चैत्रातलं हळदीकुंकू नाशिकच्या घरीच, ही अट घातली होती. ती मोडलेली नाही.

कोटेशनवर सही करण्याआधी पुण्या-मुंबईकडून कारवाँ दहा दिवस भाड्याने घ्या. त्यातले पाच दिवस गाडी हलवायचीच नाही. हॉटेलचं जेवण नाही, नातेवाइकांच्या घरी अंघोळ नाही. एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत. पहिलं वर्ष नाशिकपासून एका दिवसाच्या अंतरातच राहा, आईंसाठी तरी. शिर्डी, धुळे, संभाजीनगर, पुणे, एवढ्यात भरपूर आहे. सिंहस्थाच्या पर्वणींच्या आसपास मात्र शहरात गाडी आणायचा विचार नको, २०१५ चा बंदोबस्त आठवतोय ना.

जुलैच्या तालमीसाठी जागा हवी असेल तर पिंपळगावच्या पुढे माझ्या मेव्हण्याचं शेत आहे, मला मेसेज करा. विहीर आहे, अर्थिंग मी स्वतः केलंय, संडास बाहेरच्या बाजूला आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर मात्र तिथे येऊ नका, द्राक्षांवर ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारण्या सुरू होतात आणि बागेत झोपण्यासारखं राहत नाही. मेव्हणाही तेव्हा कोणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो.