चार ट्रॅक लावूनही गिटारचा आवाज गढूळ का होतो

तुमची अडचण थोडक्यात अशी: बडोद्यात, दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यात माडीवर खोली आहे. शेजार लागून असल्यामुळे अँप वाजवता येत नाही, म्हणून सिंगल कॉइलची (एकाच वेटोळ्याचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारा भाग असलेली) गिटार थेट इंटरफेसमध्ये (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि पुढे लॅपटॉपवर अँप सिम्युलेटर (अँपच्या आवाजाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर). रिदमचे (साथीच्या कॉर्डचे) दोन टेक, म्हणजे दोन वेगळी रेकॉर्डिंग, वाजवले, त्यांच्या प्रती १५ मिलिसेकंद सरकवून चार ट्रॅक केले. आवाज भरला नाहीच, गढूळ झाला. वर मागे सतत गुरगुर.

मूळ दुखणं त्या प्रतींत आहे. सरकवलेली प्रत हेडफोनवर रुंद भासते, पण मूळ टेकमध्ये मिसळली की ठरावीक जागी दोन्ही लाटा एकमेकींना खातात. १५ मिलिसेकंदांच्या फरकाला हे खड्डे ३३, १०० आणि १६७ हर्ट्झला आणि तसेच पुढे पडत जातात, म्हणजे कॉर्डचं अंग जिथे असतं नेमकं तिथेच. प्रती काढून टाका. डावीकडे एक टेक, उजवीकडे तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) पुन्हा वाजवलेला दुसरा टेक, दोन्ही पूर्ण टोकाला. हातातून येणारा बारीक फरक हाच जाडपणा, तो कुठल्याही प्लगइनमधून येत नाही. चार थर हवेच असतील तर आणखी दोन टेक खरोखर वाजवा, त्यांना कॅबचा आयआर (स्पीकरपेटीच्या आवाजाचा नमुना असलेली फाइल) वेगळा द्या, डावी-उजवीकडे ७० ते ८० टक्क्यांवर पॅन करा (सरकवा) आणि पहिल्या जोडीपेक्षा ३-४ डीबी खाली ठेवा. माझ्या मते कडव्याला दोनच पुरतात. चार ध्रुवपदासाठी राखून ठेवले तर ते उघडतं तरी.

आता गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारी खुंटी. एकट्याने वाजवताना छान वाटतो तो गेन थरांमध्ये हमखास जास्त होतो. डिस्टॉर्शनमध्ये लाटेचे शेंडे कापले जातात, पिकचा ठोका सपाट होतो, आणि असे चार सपाट ट्रॅक एकत्र आले की नुसती फसफस उरते. एकटा ट्रॅक ऐकताना जरा कमी पडतोय असं वाटेपर्यंत गेन उतरवा. पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेला बसका ठोका) तरी घट्ट हवा ना? सिम्युलेटरच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मधोमध. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग हे पेडल कमी उचलतं, त्यामुळे खर्ज अँपमध्ये शिरून लगदा करत नाही. आणि जास्त गेनवर पूर्ण मेजर-मायनर कॉर्ड धरू नका. तिसऱ्या सुराशी बाकीचे सूर मिसळून भलतेच सूर तयार होतात. रिदमला मूळ सूर आणि पाचवा सूर एवढेच ठेवा, तिसरा सूर वेगळ्या ट्रॅकवर एकेरी वाजवा.

सूर प्रत्येक टेकआधी मिळवायचा, गाण्याआधी एकदा नव्हे. एसी सुरू झाला की तार आकसून सूर चढतो, बंद झाला की उतरतो. मे महिन्यात बडोद्यात हा फरक कानाला स्पष्ट कळतो. खोली गार होऊ द्या, गिटार तिथेच थोडा वेळ ठेवा, मग बसा. ट्यूनरवर सूर बघताना रिफमध्ये मारता तेवढ्याच जोराने तार मारा, कारण जोरात मारलेली तार सुरुवातीला चढी वाजते.

गुरगुरीकडे दुर्लक्ष करू नका, गेन तिला कित्येक पट वाढवतो. आपली वीज ५० हर्ट्झची, सिंगल कॉइल ती गुणगुण पकडणारच. सगळ्यात आधी पंख्याचा रेग्युलेटर बघा. गोल फिरणारा, सलग वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर त्याची खरखर थेट पिकअपमध्ये येते. टेकपुरता पंखा बंद करा किंवा टप्प्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, खुर्ची हळूहळू फिरवून गुरगुर सगळ्यात कमी होते ती दिशा धरा. तारांना हात लावताच आवाज बसत असेल तर गिटारच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. चार्जरची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. वाड्याचं वायरिंग जुनं असेल तर अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं साधन) सिम्युलेटरच्या आधी, कोरड्या सिग्नलवर (गिटारमधून थेट आलेल्या) लावा. कोरड्या सिग्नलचे शेंडे उणे १० डीबीच्या आसपास राहिले तरी २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये भरपूर झालं.

मिक्समध्ये चारही ट्रॅक एका बसवर (सगळे एकत्र येतात अशा सामाईक ट्रॅकवर) घ्या. ८० ते १०० हर्ट्झखालचं कापा, वरून ८ ते १० किलोहर्ट्झच्या पुढचं. ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये शिट्टीसारखं काही टोचत असेल तर ईक्यूच्या अरुंद क्यूने (पट्ट्याची रुंदी) २-३ डीबी काढा. तिथे दहा खाचा पाडल्या तर गिटार मरते. पाम म्यूटचा धप्पा १०० ते २५० हर्ट्झमध्ये फुगतो, त्याला साध्या ईक्यूने कापू नका, नाहीतर उघडे कॉर्ड पोकळ होतात. मल्टिबँड कंप्रेसर (ठरावीक पट्ट्यातला आवाज मोठा झाला तरच दाबणारं साधन) फक्त त्या पट्ट्यावर, धप्प्याला ३-४ डीबी दाबेल इतकाच. हे सगळं बेस गिटार आणि ड्रम वाजत असताना करा. भारदस्त गिटारमधला निम्मा खर्ज खरं तर बेसचा असतो, त्यामुळे बाकीचं बंद करून एकटी ऐकताना गिटार थोडी बारीक वाटली तर हात आवरा. शेवटी मास्टर मोनो करून (पूर्ण मिक्सच्या डाव्या-उजव्या बाजू एकत्र करून) ऐका: गिटार थोड्या मागे जातील ते ठीक, पण गायबच होत असतील तर कुठेतरी प्रत अजून शिल्लक आहे.