दर महिन्याला जंताचं औषध पाजताय, तरी शेळ्या पांढऱ्या का पडतायत?

निपाणीजवळच्या एका शेतकऱ्यानं विचारलंय, दर महिन्याला जंताचं औषध पाजतो तरी शेळ्या खंगत चालल्यात, दोघींच्या जबड्याखाली पाणी उतरलंय, दुकानदार म्हणतोय औषध बदला आणि डबल डोस मारा, मारू का?

मारू नका.

जबड्याखाली पाणी आणि डोळ्याची आतली कड पांढरी, म्हणजे बहुतेक चौथ्या पोटातला रक्त पिणारा जंत, हिमॉन्कस. हजार जंत असले की रोज साधारण ५० मिली रक्त जातं. पावसाळ्यात अंड्यातून निघालेली अळी आठ-दहा दिवसांत गवतावर चढते आणि एक मादी रोज पाच-दहा हजार अंडी टाकते, तेव्हा तुम्ही पाजलेला महिना कधी संपला ते तुम्हालाही कळत नाही. पण तुमच्या गोठ्यातलं खरं दुखणं वेगळं आहे. तेच औषध दर महिन्याला अख्ख्या कळपाला पाजलं की कच्चे जंत मरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात, पुढची सगळी पिलावळ त्यांचीच. मी चिक्कोडी-रायबागकडं कितीतरी कळपांत हेच बघितलंय, बाटली बदलली, कंपनी बदलली, आत औषध तेच. लेबल वाचा हो, नाव वेगळं असलं तरी अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच घराण्यातली, एक चालेना म्हटल्यावर दुसरं चालेल याचा भरवसा नाही.

आता डबल डोस. दुकानदार बाटली विकतो, शेळी मेली तर तो येणार नाही. क्लोझेंटल या जंताच्या औषधाचा डोस जास्त झाला तर जनावर आंधळं होतं आणि ती नजर परत येत नाही. अंदाजानं पाजून आंधळ्या झालेल्या शेळ्या मी हातानं धरून बघितल्यात, डोळा उघडा, पण बोट नेलं तरी पापणी मिटत नाही. लेव्हामिसोल पण तसंच, डोस जरा वर गेला की लाळ गळते आणि थरथर सुटते. उलट अंदाजानं कमी पाजलं तर जंत शिकतात. म्हणून वजन, वजन आणि वजन. ताणकाट्याला पोतं लावून तोला, कळपातल्या मोठीचं आणि बारकीचं वेगळं. आणि मेंढराचा डोस तसाच शेळीला नको, शेळीचं लिव्हर औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून किती मिली ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, दुकानातून नाही.

मग करायचं काय, तर दर पंधरा दिवसांनी खालची पापणी ओढून रंग बघायचा. लालबुंद असेल त्याला काही पाजू नका, फिकट पडलं त्यालाच पाजा. सगळ्यांना पाजलं नाही की औषधाला बळी पडणारे जंतही कुरणात राहतात आणि माजलेल्यांची पैदास पातळ होते, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. जबड्याखाली पाणी आलेल्या तुमच्या दोन शेळ्या मात्र उद्याच दवाखान्यात आणा, त्यांना नुसतं औषध पुरणार नाही.

आणि माझं नेहमीचं तुणतुणं, शेळीला मान वर करून खायला लावा. अळी बहुतेक गवताच्या खालच्या दोन-तीन इंचांत असते. शेवरी, सुबाभूळ, बाभळीचा पाला तोडून दावणीला उंच टांगा, दव सुकल्याशिवाय चरायला सोडू नका. खर्च शून्य म्हणून कोण ऐकत नाही.

निपाणीकडं अजून कोण कोण तंबाखूचं पाणी पाजतात. अजिबात नको, निकोटिननं शेळी जागेवर जाते. मोरचूदही नको, मेंढराच्या लिव्हरात तांबं साठतं आणि एक दिवस उभं मेंढरू पडतं.

खानापूरहून प्रश्न आहे, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं तरी फरक नाही. तुमच्याकडं पाऊस, भातखाचरं, गोगलगायी, म्हणजे बहुतेक लिव्हरफ्लूक, गोगलगायीतून पसरणारा लिव्हरमधला चपटा जंत. आयव्हरमेक्टिन चपट्या जंतावर चालतच नाही, गोचिडावर चालेल. लेंड्या तपासून घ्या, मग औषध ठरवू. खाचराच्या कडेचं पाण्यात बुडलेलं गवत कापून घालू नका.

अथणीचे एक धनगर विचारतायत, गाभण मेंढरांना अल्बेंडाझोल पाजलं आणि काही गाभडल्या. नर दाखवल्यावर, म्हणजे लागवडीनंतर, पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल द्यायचंच नाही, पिल्लू अधू होतं नाहीतर गर्भ जातो. दुकानदारानं गाभण आहे का विचारलं होतं का? नसेलच विचारलं. लागवड कधी झाली ते खडूनं भिंतीवर लिहा.

दोन महिन्यांची करडं रक्ती हगतायत, जंताचं औषध लागू पडेना, हेही दोघांनी विचारलंय. तो बहुतेक जंत नाहीच, कॉक्सिडिया आहे, आतड्यातला डोळ्याला न दिसणारा एकपेशी जीव. जमीन कोरडी करा, करडं मोठ्यांपासून वेगळी ठेवा, औषध डॉक्टरच देतील.

योजनेबद्दल थोडक्यात: जनावर मेलं तर पुरायच्या आधी दवाखान्याला कळवा, पोस्टमार्टेम झाल्याशिवाय अनुग्रहचा, म्हणजे मेलेल्या जनावराची भरपाई देणाऱ्या कर्नाटक सरकारच्या योजनेचा, अर्ज पुढं सरकत नाही. घरी डॉक्टर हवे असतील तर १९६२ ला फोन लावा.

तपासायला लेंड्या आणताना सकाळच्या ताज्या, तीन-चार शेळ्यांच्या वेगवेगळ्या डबीत, वर शेळीचा नंबर लिहून. खिशात कागदाच्या पुडीत सुकवून आणू नका, त्यात मला काय दिसणार.