प्रयोगशाळा सोडून ट्रस्टचं संचालकपद घेऊ का?

प्रश्न : मी क्षयरोगाच्या जिवाणूंवर काम करणारी शास्त्रज्ञ. वय ४६. पाषाणला स्वतःची प्रयोगशाळा आहे, हाताखाली पीएच.डी.चे तीन विद्यार्थी. वैद्यकीय संशोधनाला ग्रँट देणाऱ्या पुण्यातल्या एका धर्मादाय ट्रस्टने मला संचालकपद देऊ केलंय. मन ओढ घेतंय, पण आई म्हणते, "पैसे वाटायला कुणीही चालेल. एवढं शिकलीस ते यासाठी?" काय करू?
— एक वाचक, औंध

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही. ग्रँट देणाऱ्या समित्यांवर मी बरीच वर्षं बसले आहे. प्रस्ताव नुसता सफाईने लिहिलाय की त्यातला प्रश्न खरंच कळीचा आहे, हे ओळखायला स्वतःचे प्रयोग फसलेले असावे लागतात.

आपल्या जवळचंच बघा. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. लंडनच्या वेलकम ट्रस्टचं त्याला पाठबळ मिळालं. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. तरीही आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने जास्त! भारतीयांना मधुमेह लवकर का गाठतो, याचा एक धागा इथे हाती लागला. ती बाळं मोठी झाली, तरी त्यांचा अभ्यास चालूच राहिला. तिजोरीच्या किल्ल्या 'तीन वर्षांत निष्कर्ष दाखवा' म्हणणाऱ्याकडे असत्या, तर हे कुठून व्हायचं?

त्याच वेलकमची धुरा २०१३ मध्ये जेरेमी फरार यांच्याकडे आली. त्याआधी सुमारे अठरा वर्षं ते व्हिएतनाममध्ये डेंग्यू, बर्ड फ्लूचे रुग्ण बघत संशोधन करत होते. आपल्याकडे शाहिद जमील दिल्लीत हिपॅटायटिस ई विषाणूवर काम करायचे. पुढे ते वेलकम आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने मिळून उभारलेल्या, संशोधनाला ग्रँट देणाऱ्या इंडिया अलायन्सचे प्रमुख झाले. दोघांचंही शिक्षण वाया गेलं असं कोण म्हणेल?

मात्र होकार कळवण्याआधी विश्वस्तांना स्पष्ट विचारा : तज्ज्ञ समितीने नाकारलेला प्रस्ताव विश्वस्त आपल्या अधिकारात मंजूर करू शकतात का? करू शकत असतील, तर पद कितीही मोठं असो, माझा सल्ला नकाराचा. देणगीदाराच्या भाच्याचा प्रस्ताव कधी ना कधी येतोच, आणि त्या दिवशी तुमच्या पाठीशी लेखी नियम हवा. नकार कळवताना कारणंही कळवायची, हेही त्याच नियमांत घालून घ्या. तरुण संशोधकाला कोरा नकार फार लागतो.

आणि तुमचे तिघे विद्यार्थी. त्यांना ही गोष्ट बाहेरून कळू देऊ नका. प्रबंधाच्या जवळ आलेल्याचं काम पूर्ण होईपर्यंत रुजू होण्याची तारीख पुढे मागा. बाकीच्यांसाठी सहमार्गदर्शक आत्ताच ठरवा. ट्रस्टला खरंच शास्त्रज्ञ हवी असेल, तर ते थांबतील.