दोन आसनी ऑटोजायरोचं किट घरी जोडायला किती वेळ लागतो? नवशिक्याला जमेल का?

जमेल. ऑटोजायरो म्हणजे डोक्यावर मोकळी फिरणारी पाती (रोटर) आणि मागून ढकलणारा इंजिनाचा पंखा असलेलं छोटं विमान. मी आणि माझा भागीदार, आम्ही दोघांनी ओहायोत भाड्याच्या गॅरेजमध्ये फक्त शनिवार-रविवार काम केलं, दोन वर्षं गेली. पण वेळेचं सोडा. इंजिनाचा रेटा गुरुत्वमध्यापासून किती वर आहे, हे आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

जोडणी होत आल्यावर मी हट्टानं यंत्र टांगायला लावलं. पाती काढली, दोन्ही आसनांवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती बांधली आणि रोटरच्या बोल्टला चेनब्लॉक लावून उचललं. बाबांचा गवंडीकामाचा पितळी ओळंबा सोडून खडूनं रेघ मारली. मग दुसऱ्या ठिकाणाहून टांगून दुसरी रेघ. रेघा जिथे छेदल्या तो गुरुत्वमध्य, आणि त्याच्या चांगलं वीतभर वर मागच्या पंख्याचा मध्य, म्हणजे रेट्याची रेषा होती. आणि नाक वर-खाली डोलणं आवरणारी आडवी शेपटी किटमध्ये नव्हतीच.

हेलिकॉप्टरसारखा इथे रोटर इंजिनावर फिरत नाही, खालून वर जाणाऱ्या हवेवर फिरतो. झटक्यानं चालवायची काठी पुढे गेली किंवा वाऱ्याचा झोत बसला, की रोटरवरचा भार क्षणात जातो. वरून लागणारा रेटा नाक खाली दाबतो, रोटर मंदावतो, पाती शेपटीवर किंवा पंख्यावर आदळतात. सावरायला वेळच मिळत नाही. वेग कमी पडून पंखांची उचल सुटली (स्टॉल) की विमान पडतं, तसं होऊ नये म्हणून स्पॅनिश अभियंता सिएर्वानं हे यंत्र घडवलं, 1923 मध्ये ते उडालं, आणि आपण त्यात मरणाची नवी वाट करून ठेवायची?

भागीदार म्हणाला, "शेकडो तास उडवलंय लोकांनी. शेपटी म्हणजे नुसतं वजन." मी बसायला नकार दिला. त्यानं त्याचा अर्धा हिस्सा मला विकला, मैत्रीही तिथेच संपली. मी इंजिन खाली घेतलं, आसनं वर उचलली, शेपटी लावली. आणखी एक वर्ष गेलं. मी बरोबर होतो, आजही तेच म्हणतो.

नुसती शेपटी लावून मात्र भागत नाही. ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासातही रेट्याची रेषा गुरुत्वमध्यापासून दोन इंचांच्या आत असण्यावरच भर आहे. हा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्या. नाही दिला तर पैसे देऊ नका. आणि विमान चालवता येत असलं तरी ऑटोजायरोच्या प्रशिक्षकाशिवाय उडू नका, विमानातली काठी पुढे ढकलायची सवयच इथे घात करते.

हे सगळं अमेरिकेतलं. इथे निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं तरच हौशी बांधणी म्हणून नोंद होते. तुमच्याकडचे नियम आधी बघा.