१९ दिवस जमलं होतं, ते का विसरतोयस?

*ताई, मी ३६ वर्षांचा आहे, पंधरा वर्षं सिगारेट ओढतोय, दिवसाला दहा तरी होतात. तीनदा सोडली, सगळ्यात जास्त १९ दिवस टिकलो. शेवटच्या वेळी आजारपणात आठ दिवस घरी होतो तेव्हा फारशी आठवणही आली नाही, पण ऑफिसला गेलो, चौघं नेहमीसारखे ब्रेकला निघाले, मीपण गेलो आणि संपलं. आता मित्र पैज लावतात की यावेळी किती दिवस. बायको म्हणते तुझ्यात विल पॉवरच नाही. मलाही तसंच वाटायला लागलंय, परत प्रयत्न करायचीच भीती वाटते. काय करू?*

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या आठ दिवसांपाशीच थांबले. तू ते सहज लिहून पुढे गेलास पण मला वाटतं सगळं उत्तर तिथेच आहे. माणूस तोच, सवय तीच, घरी जमलं आणि ऑफिसात पहिल्याच ब्रेकला सुटलं, मग बदललं काय? आजूबाजूची माणसं बदलली, बाकी काही नाही. आणि तू दोष कोणाला देतोयस तर स्वतःच्या विल पॉवरला.

अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'हे मला जमेल' असं वाटणं मुख्यतः चार गोष्टींवर ठरतं, आधी स्वतः करून बघितलेलं, आपल्यासारख्या कोणालातरी करताना बघितलेलं, जवळची माणसं काय बोलतात ते, आणि त्या वेळी आपलं शरीर-मन कसं आहे ते. आता तुझं बघ. रोज ज्या चौघांबरोबर उभा राहतोस त्यातल्या एकानेही सोडलेली तू पाहिलेली नाहीस. बोलणारे एकतर पैज लावतात नाहीतर तुझ्यात दमच नाही म्हणतात. पहिल्या दिवसांत चिडचिड होते, झोप लागत नाही, ती निकोटिन सुटल्याची लक्षणं असतात पण तू त्याचा अर्थ लावतोस की आपल्याला झेपत नाही. आणि जे खरंच करून दाखवलंस, ते १९ दिवस, ते तू हरल्याच्या खात्यात टाकलेस! हा त्रास सहसा पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. म्हणजे सगळ्यात अवघड भाग तू पार केला होतास रे, कोणी तुला सांगितलंच नाही.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम हार्ट स्टडीमधल्या १२ हजारांवर लोकांच्या १९७१ ते २००३ पर्यंतच्या नोंदी तपासून २००८ मध्ये एक अभ्यास आला होता. त्यात दिसलं की नवरा-बायकोतल्या एकाने सोडली तर दुसऱ्याने ओढत राहायची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होती, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, आणि छोट्या ऑफिसात सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. एकमेकांशी जोडलेले गटच्या गट साधारण एकाच सुमारास सोडत होते. तू मात्र एकट्याने सोडायला बघतोयस, तेपण रोज त्याच घोळक्यात उभं राहून, मग विश्वास येणार कुठून.

म्हणून पहिले तीन-चार आठवडे त्या ब्रेकला जाऊच नको. मैत्री तोडायची नाहीये, जेवायला बसा, गप्पा मारा, फक्त ते निघाले की तू दुसरीकडे निघ. तलफ आली तरी सहसा काही मिनिटांत जाते, तेवढी मिनिटं कोणाशीतरी बोलण्यात घालव. पार्ट्यापण महिनाभर राहू दे, दारूचा ग्लास हातात आला की ठरवलेलं सुटायला वेळ लागत नाही.

आणि त्या चौघांतल्या एकाला बाजूला घेऊन विचार, तुला सोडायचीय का? घोळक्यात विचारू नकोस, तिथे सगळे हसण्यावारी नेतील. ओढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मनातून सोडायची असते पण ते चारचौघांत बोलत नाहीत. पैज लावणाऱ्यालाच विचारलंस तरी चालेल, तुझे दिवस मोजणारा माणूस बहुतेक स्वतःचापण हिशोब करत असतो. एक जरी हो म्हणाला तरी ब्रेकला न जाणारे तुम्ही दोघं व्हाल.

बायकोबद्दल, ती काळजीने बोलते हे मला दिसतंय, पण टोमण्यांनी सिगारेट सुटत नाही, उलट जोडीदाराकडून टोकणं जास्त आणि साथ कमी असेल तर टिकणं अवघड जातं असं अभ्यासांतही दिसलंय. तिला नुसतं साथ दे म्हणू नकोस, त्यातून तिला काही कळणार नाही. नेमकं सांग, माझे कपडे हुंगू नकोस, किती झाल्या विचारू नकोस, जेवण झालं की मला बाहेर घेऊन चल कारण तेव्हाच तलफ येते.

डॉक्टरांकडेही जा. निकोटिनची च्युइंगम, पॅच किंवा गोळ्या यातलं तुला काय चालेल ते ते सांगतील, सोबत समुपदेशन घेतलंस तर सुटायची शक्यता आणखी वाढते. औषध घेतलं म्हणजे विल पॉवर कमी असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आणि मध्येच एखादी ओढली गेली तर परत एक दिवसापासून मोजायला बसू नकोस. पुढची ओढायची नाही एवढंच बघ, आणि त्या वेळी शेजारी कोण होतं ते लिहून ठेव.

– ताई