रत्नागिरीहून बर्लिनच्या फळप्रदर्शनाला जायचंय, प्रवास आणि राहायची सोय कशी करू?

फेब्रुवारीतल्या फ्रूट लॉजिस्टिकासाठी आधी व्हिसाला हात घाला. जर्मनीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. आपले बागायतदार मोहोराच्या फवारणीत अडकतात आणि हे काम जानेवारीवर ढकलतात. कृपा करून तसं करू नका. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. बोटांचे ठसे मुंबईत द्यायचे असतील तर रात्री कोकणकन्या पकडा, पहाटे पोचाल.

हॉटेल मात्र आजच धरा, फुकट रद्द करता येईल असं. अर्जाला तेही जोडावं लागतं. प्रदर्शनाला अगदी खेटून नको, त्या दिवसांत महाग पडतं. एस-४१, एस-४२ या वर्तुळाकार लोकलवर कुठेही राहा, मेसे नॉर्ड स्टेशनला उतरून चालत जाता येतं. आणि बूट जाड घ्या, तिथे तेव्हा बर्फही पडतो.